डहाणूच्या मैदानातला सोलो

२०१७च्या थंडीत आमचा रेजिमेंटल बँड माजी सैनिकांच्या मेळाव्यासाठी डहाणूला आला. मी लान्स नाईक, ट्रम्पेट वाजवायचो. माझा पाडा तलासरी तालुक्यातला. सोलो माझ्याकडे होता आणि अख्खा पाडा टेम्पो करून ऐकायला निघाला होता.

दुपारी समुद्राजवळच्या मैदानात रिहर्सल झाली. वारा समोरून होता. शेवटच्या धूनमधले वरचे सूर लांबलचक. दोनदा वाजवलं, दोन्ही वेळा माझा सूर अर्ध्यातच तुटला. ओठ थरथरत होते, छाती रिकामी.

बँडमास्टर सुभेदारसाहेब शांतपणे म्हणाले, "शाम को सोलो शिंदे बजाएगा."

"जी साहब."

नाईक बळवंत शिंदे साताऱ्याकडचा, माझ्या शेजारी सेकंड ट्रम्पेटवर. तो मला सुरूच्या झाडांखाली घेऊन गेला. माझ्या ट्रम्पेटचं माउथपीस काढून त्यानं उजेडाकडे धरलं. मी ते हौसेनं घेतलं होतं. खोल कप, मोठं भोक. आवाज भरदार यायचा.

"एवढ्या भोकातून हवा नुसती पळते," तो म्हणाला. "कुठे अडतच नाही. मग तू ढकलत बसतोस. उघड्यावर दम कसा पुरणार?"

त्यानं स्वतःचं माउथपीस दिलं. उथळ कप, अरुंद भोक. "यात हवा थोडी अडते. तिला ढकलू नकोस, तिच्यावर रेल."

पहिला सूर चिरकला. सवयीनं जोर लावला होता.

"हळू. वाडीत पाण्याच्या नळीवर बोट ठेवतोस ना? धार आपोआप लांब जाते."

आई मजुरीला जायची त्या घोलवडच्या चिकूवाडीत ते मी लहानपणी खूप केलं होतं. हळू फुंकलं. वरचा सूर सुटला, टिकला, आणि तरी श्वास उरला. मला हसू आलं आणि सूर तुटला.

"पण भाऊ, तुमचं काय?"

"मला खालचेच सूर. तुझं भगदाड चालेल मला."

तोच साहेबांकडे गेला. "साहब, एक बार सुन लीजिए." साहेबांनी ऐकलं. "ठीक है. तू ही बजा."

संध्याकाळी शेवटचा सूर साहेबांचं बॅटन खाली येईपर्यंत टिकला. तोवर आमच्या पाड्यातल्या बायांनी कमरेत हात गुंफून तारपा नाचासारखी साखळी धरली होती. एक निवृत्त कर्नलसाहेब बूट काढून त्यात शिरले. सुभेदारसाहेबांनी बोट गोल फिरवलं: पुन्हा. आम्ही तीच धून पुन्हा वाजवली.

नंतर आई म्हणाली, "बेस वाजवलंस. पण मधी मधी दम घ्यायला थांबतोस कशाला? तारपावाला रातभर फुंकतो, थांबतो का?"

शिंदे पोट धरून हसला. "मावशी, तेही शिकवतो याला."

सीमेवर बँडवाले स्ट्रेचर उचलतात. पुढच्या वर्षी एका पोस्टवर तोफा सुरू असताना शिंदे जखमी जवानाला आणायला गेला. जवान वाचला. शिंदे गेला.

२०१९ला मी निवृत्त झालो आणि त्याच्या गावी गेलो. अंगणात उभा राहून ट्रम्पेटवर लास्ट पोस्ट, शहिदांच्या मानवंदनेची धून, सुरू केली. त्याच्या वडिलांनी हात वर करून थांबवलं.

"हे नको. बळवंत वरातीत नाचायचा, तसलं वाजव."

मी वाजवलं. पहिली टाळी त्याच्या आईनं धरली.