देवाचं बोकाड कंचं?

एकदा माझ्या हातून दोन बोकडांची ओळख पुसली गेली. त्या दिवशी मी जेवढा घाबरलो तेवढा आयुष्यात पुन्हा कधी घाबरलो नाही. (मध्यंतरी माझं अपेंडिक्सचं ऑपरेशनही झालेलं आहे.)

गोष्ट नव्वदीच्या दशकातली. मी सांगलीत एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवत होतो, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे जूनमध्ये नेमायचं, एप्रिलमध्ये काढायचं आणि मे महिनाभर माणसानं देव देव करत बसायचं! अशात दिवाळीच्या सुट्टीत मला तीन आठवड्यांच्या उजळणी वर्गासाठी पुण्याला पाठवलं. तिथं एका दाढीवाल्या प्राध्यापकांनी आम्हाला उत्तर-आधुनिकता शिकवली. (आमच्या गल्लीत आधुनिकता अजून धड पोचलेली नव्हती, आणि हे म्हणाले ती संपलीसुद्धा!) सत्य असं एक काही नसतं, असतात ती ज्याची त्याची कथनं. माणसाला पक्की ओळखही नसते, समाज खुणा करतो, शिक्के मारतो आणि आपण त्या शिक्क्यालाच 'मी' म्हणत फिरतो. ऐकताना मला आधी घाम फुटला आणि मग फार बरं वाटलं. इतकी वर्षं मी एकटाच तात्पुरता म्हणून झुरत होतो, इथं तर सगळं जगच तात्पुरतं निघालं!

घरी आलो तो हे सगळं डोक्यात घेऊनच.

"अहो, तुम्हाला बघायला सांगितलं होतं ना? दूध उतू गेलं!" सुमन, म्हणजे माझी बायको, ओरडली.

"उतू गेलं हे तुझं कथन झालं," मी शांतपणे म्हणालो.

"बरं. मग आता फडकं घ्या आणि माझं कथन पुसा."

ओटा पुसताना सिद्धान्त थोडा ओला झाला, पण टिकला. पुढं जानेवारीत मला कायम केल्याची ऑर्डर आली. दोन वर्षं प्रोबेशन होतं, पण कायम ते कायम! मी पेढे वाटत असतानाच सुमननं सांगितलं, "अण्णांनी बिरोबाला नवस बोललाय. तुम्ही कायम झालात तर बोकड. चैत्रात जत्रा आहे, जायचंय."

हातातला पेढा मी परत पुड्यात ठेवला. बिरोबाला मी भीत नव्हतो, त्याच्यावर माझी सैद्धान्तिक भूमिका ठरलेली होती. भीती होती ती अण्णांची. माझे सासरे, फौजेतले निवृत्त सुभेदार, औंधच्या बाजूला एका खेड्यात राहत. ते कधी कुणावर ओरडत नसत. ते फक्त प्रश्न विचारत आणि उत्तर येईपर्यंत बघत राहत. उत्तरं दोनच चालत, 'व्हय' आणि 'न्हाई'. ते समोर आले की मी पहिल्यांदा शर्टाची बटणं चाचपत असे.

जत्रेला आम्ही पोचलो तेव्हा दारात दोन बोकड बांधलेले होते. दोन्ही एकाच शेळीची जुळी पिल्लं, कानापासून शेपटापर्यंत काळीभोर. अण्णांनी ती एकाच बाजारातून, एकाच दाव्यानं बांधून आणली होती. एक आपल्या नवसाचा आणि दुसरा शेजारी राहणाऱ्या त्यांच्या चुलतभावासाठी, तात्यांसाठी. तात्यांकडं कराडहून पाहुणे यायचे होते, त्यांच्या जेवणाला. नवसाच्या बोकडाच्या कपाळाला पुजाऱ्यानं भंडारा लावला होता. पिवळ्या कपाळाचा तो देवाचा, कोऱ्या कपाळाचा तात्यांचा. दुसरी कसलीही खूण नव्हती.

"देवाचं बोकाड देवालाच जायाला पायजे," अण्णांनी मला बजावलं. "दुसऱ्याच्या चुलीवर ग्येलं तर दोनी घरावर कोप. अन् देव दिल्यालं काढूनबी घेतो, जावईबापू."

प्रोबेशन! माझ्या पोटात गोळा आला. सैद्धान्तिक भूमिका आणि पोट यांचं पहिल्यांदाच बिनसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा म्हणाले, "नवस तुमच्यापायी हाय. बोकाड तुमीच धुवा."

"आवं, हायसाच तितं तर आमचंबी घ्या की धुऊन!" कुंपणापलीकडून तात्या म्हणाले.

दोन दावी हातात धरून मी विहिरीवर गेलो. आता हे सांगायला हवं की मी बोकडांनाही भितो. त्यांचे ते आडवे डोळे! पण अण्णांना जास्त भितो. अण्णा धुतलेल्या बोकडाची तपासणी पलटणीतल्यासारखी करणार, हे मला ठाऊक होतं. त्यामुळं मी कपड्याचा साबण घेतला आणि जीव तोडून घासायला लागलो. पाठ घासली, पोट घासलं, खूर घासले, शिंगं घासली. प्रत्येक बादलीला दोघंही असं अंग झाडायचे की माझंही स्नान उरकलं. शेवटी उत्साहाच्या भरात मी डोकी घासली. एकाचं घासलं, मग दुसऱ्याचं. आणि खाली बघतो तर उसाच्या पाटाकडं पिवळं पाणी चाललेलं!

वर बघेपर्यंत एक बोकड माझ्याभोवती फिरला होता, दुसरा माझ्या पायातून गेला होता आणि दाव्यांची वेणी झाली होती. वेणी सोडवून झाली तेव्हा माझ्यासमोर दोन स्वच्छ, काळे, एकसारखे बोकड उभे होते. कुणाचंच कपाळ काही सांगत नव्हतं.

मी स्वतःला समजावलं. भंडारा म्हणजे काय, तर समाजानं लावलेली खूण. खुणेच्या खाली 'देवाचा' असा कुणी बोकड मुळात नव्हताच! युक्तिवाद बिनतोड होता. फक्त तो अण्णांना सांगायचा होता.

तेवढ्यात सुमन आली. "अहो, भंडारा कुठाय?"

"धुतला."

"कुणाचा?"

"दोघांपैकी एकाचा."

ती मटकन धुण्याच्या दगडावर बसली. "आता अण्णांना काय सांगणार?"

"ओळख ही मुळात..."

"अहो, अण्णांची बंदूक अजून भिताडावर टांगल्याली हाय!" भीतीनं ती एकदम माहेरच्या बोलीवर आली. "कुठल्याबी एकाला लावा भंडारा, पटकन!"

आणि मागं अण्णा खाकरले.

अण्णांनी दोन्ही कपाळं पाहिली. मग माझं कपाळ पाहिलं. "कंचं?" त्यांनी विचारलं.

'व्हय' किंवा 'न्हाई' यांतलं एकही उत्तर इथं चालणारं नव्हतं. म्हणून मी बोलायला लागलो. खूण आणि वस्तू यांचा संबंध कसा सैल असतो, बोकडपण हे बोकडात नसून बघणाऱ्यात कसं असतं, सगळं सांगितलं. तोंड थांबवायची मला भीतीच वाटत होती! अण्णा न हलता ऐकत होते. मधेच तात्याही येऊन उभे राहिले. मी दम घ्यायला थांबलो तसे ते अण्णांना म्हणाले, "म्हंजी ह्येंला ठावं न्हाई."

(तीन आठवड्यांचा अभ्यासक्रम तात्यांनी एका वाक्यात संपवला.)

वरात देवळाकडं निघाली. पुढं ढोल, मागं दोन बोकड, त्यांच्यामागं मी. पुजाऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि तोडगा काढला. "देवच सांगंल की! दोगांच्या पाठीवर पानी वततो. ज्ये अंग झाडंल त्ये देवाचं."

तांब्याभर पाणी दोघांच्या पाठीवर पडलं. सगळा गाव बघत होता. पण सकाळपासून विहिरीवर त्या बिचाऱ्यांनी इतकं अंग झाडलं होतं की आता झाडायचं म्हणून काही शिल्लकच नव्हतं! एक नुसता उभा राहिला. दुसरा, देवळासाठी मला नेसवलेल्या धोतराचा सोगा चघळायला लागला. दुसरा तांब्या ओतला. तरी काही नाही. ढोल आपोआप थांबला.

"द्येव रुसला," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

तात्यांचा चेहरा उतरला. मी अण्णांकडं पाहिलं. अण्णा घाबरले होते! ज्यांना मी लग्न झाल्यापासून भीत आलो त्यांचे ओठ थरथरत होते. "माज्या पोरीच्या संसाराचा नवस हाय ह्यो," ते हळूच पुजाऱ्याला म्हणाले. त्या क्षणी मला माझ्या नोकरीपेक्षा त्या म्हाताऱ्याची काळजी वाटली.

पुजाऱ्यानं भंडाऱ्याचं ताट माझ्यापुढं धरलं. "उचला भंडारा, जावईबापू. ज्येच्यावर हात ठिऊन तुमी म्हनाल, ह्ये देवाचं, त्ये देवाचं. तुमी म्हनाल त्येच खरं."

पुण्याचे ते दाढीवाले प्राध्यापक तिथं असते तर त्यांनी पुजाऱ्याला मिठीच मारली असती. माणूस म्हणेल ते खरं! यापलीकडं त्यांनी तीन आठवडे दुसरं काय सांगितलं होतं? मी मूठभर भंडारा उचलला. आता नुसता हात ठेवायचा आणि दोन शब्द बोलायचे. पण हात ठेववेना. सत्य नसतंच, तर मग खोटंही नसतं. मग माझी जीभ टाळ्याला का चिकटली होती? समोर बिरोबाचे चांदीचे डोळे, बाजूला अण्णांचे, आणि मागं सुमनचे. त्यातल्या त्यात बिरोबाचेच जरा मऊ वाटत होते!

"मला ठाऊक नाही," मी म्हणालो. आवाज उंदरासारखा निघाला. "खरंच ठाऊक नाही, अण्णा. तुमच्या भीतीनं दोघांचीही डोकी घासली."

तेवढ्यात पुजाऱ्यानं शेवटचा उपाय म्हणून तिसऱ्या तांब्यातलं पाणी बोकडांवर भिरकावलं. दोन्ही बोकड आता शहाणे झालेले होते, ते चटकन बाजूला झाले. विहिरीचं गारढोण पाणी माझ्या मानेवरून थेट पाठीत उतरलं. आणि मी, समाजशास्त्राचा कायम प्राध्यापक, शेंडीपासून टाचेपर्यंत असा थरथरून झाडलो की मुठीतला भंडारा चारी दिशांना उडाला. दोन्ही बोकडांच्या कपाळावर पडला, तात्यांच्या फेट्यावर पडला, अण्णांच्या मिशांवर पडला.

"झाडलं गं बया! झाडलं!" एक म्हातारी किंचाळली.

"घ्येतलं द्येवानं!" पुजारी ओरडला आणि ढोल कडाडला.

दोन्ही कपाळं पिवळी झालेली, तेव्हा दोन्ही बोकड देवाचे ठरले. दोन घरांचं आणि कराडच्या पाहुण्यांचं जेवण देवळापुढं एकाच पंगतीत झालं. जेवताना अण्णा माझ्या शेजारी बसले. "खरं बोललासा म्हनून वाचलासा," एवढंच म्हणाले आणि माझ्या ताटात रस्सा वाढला. सुमन मात्र घरी परत येईपर्यंत दम धरून होती. "आता सांगा," ती म्हणाली, "त्या दिवशी दूध उतू गेलं होतं का नाही?"

"व्हय," मी म्हणालो.

पुढं प्रोबेशन सुखरूप संपलं. वर्गात मी ती उत्तर-आधुनिकता निवृत्त होईपर्यंत शिकवली, आणि मुलांना छातीठोकपणे सांगितलं की आपली ओळख आपल्यात नसते, ती समाज ठरवतो. याला माझ्याजवळ भक्कम पुरावा आहे. सासुरवाडीत मला प्राध्यापक म्हणून आजतागायत कुणी ओळखत नाही. "ह्ये न्हवं का, सुभेदाराचं अंग झाडल्यालं जावाय!" अशीच माझी ओळख करून देतात. अजूनही जत्रेत पुजारी तांब्या उचलतो तेव्हा बोकडाच्या आधी माझ्याकडं बघतो, आणि पाण्याचा थेंबही पडलेला नसताना मी अंग झाडतो.