कोरड्या नाण्यावरचं पाणी

मी दातांची डॉक्टर. करणीनं दाढ दुखते म्हणणाऱ्या पेशंटला मी एक्स-रेमधली कीड दाखवते. आमच्या आजोबांनी छपन्न साली धम्म घेतला, तेव्हाच घरातला देव्हारा उचलला. अंगारे-उतारे मी कधी मानले नाहीत, आजही मानत नाही. तरी हे लिहितेय, कारण घडलं ते माझ्याच कॅमेऱ्यात...

दुष्काळाचं वर्ष होतं. घाटनांदूरजवळच्या आमच्या वस्तीवर आठवड्यातून एकदा टँकर यायचा. म्हणून मजूर सोसायटीनं वस्तीची जुनी विहीर खोल करायला घेतली होती. माझे मामा त्या कामावर मुकादम. एका दुपारी ते अंबाजोगाईला माझ्या दवाखान्यात आले आणि रुमालातून पेराएवढं काळपट नाणं काढलं.

"तळात घावलं. सोसायटीचा चेअरमन म्हनतो देवीचा ठेवा हाय, आता खोदायचं न्हाई. खोदनाऱ्या बाया बी लई भ्याल्यात. तू बघ बरं काय हाय ते."

दातांचे फोटो काढायला माझ्याकडे मॅक्रो लेन्स आहे. नाणं काळ्या कापडावर ठेवलं, रिंग फ्लॅश लावला. इतक्या जवळून एकाच फोटोत सगळं स्पष्ट येत नाही, म्हणून फोकस जरा जरा सरकवत अकरा फोटो घेतले आणि स्क्रीनवर मोठे केले. शिशाचं नाणं, त्यावर सोंड उचललेला हत्ती. पहिले तीन फोटो ठीक. चौथ्यात हत्तीच्या पायाशी एक थेंब. सातव्यात पाणी पोटापर्यंत. अकराव्यात नाणं काठोकाठ भरलेलं — वर माझ्या फ्लॅशचं गोल कडं चमकतंय!

नाण्यावर बोट फिरवलं. बोटाला माती लागली.

"ठणठणीत कोरडं हाय की," मामाही चाचपून म्हणाले.

लेन्स पुसली, कार्ड बदललं, पुन्हा अकरा फोटो. तेच. मग शेजारी साधा रुपया ठेवून काढले. रुपया कोरडा, हत्ती पाण्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर जाऊन सगळ्यांना फोटो दाखवले. लपवायचं कशाला?

"बगा! देवीचा कोप हाय," चेअरमन म्हणाले.

"कोप असता तर पाणी कशाला दिसलं असतं? काम का बंद पाडताय?"

"डॉक्टरबाई, कुनाचा जीव गेला तर?"

"मग पहिला माझा जाऊ द्या."

ओढणी कमरेला बांधली आणि क्रेनच्या पाळण्यात बसले. खाली जाऊन एकटीनं पहिली पाटी भरली. वरून खोदकामावरच्या कौसाबाईचा आवाज आला, "डॉक्टरीण एकलीच खोदती व्हय? सोडा मला बी खाली!" तिच्यामागून बाकीच्या उतरल्या.

पाचव्या दिवशी झरा लागला. घोट्याएवढं पाणी, पण उन्हाळाभर आटलं नाही. झरा तिथं होताच, असं मी मानते.

नाणं तहसीलमध्ये जमा केलं. त्यांनी काढलेल्या फोटोत ते कोरडं आहे. माझ्या फोटोंत अजून पाणी आहे. फोटोग्राफर मित्राला मूळ फाइल्स दिल्या, त्यालाही काही सांगता आलं नाही.

पुढं चेअरमन मोठी प्रिंट मागायला आले. विहिरीवर मंदिर बांधायचं म्हणत होते. मी दिली नाही. "खोदणाऱ्या बायांच्या नावांची पाटी लावा," म्हटलं.

ते पाणी कुठून आलं, मला माहीत नाही. माहीत नाही, एवढंच म्हणेन... त्यापुढं हात जोडणार नाही.