ताठ मानेचे सुरय

कवळीकाकांनी आयुष्यभर जे काम केलं, ते कुणाच्या लक्षात येत नसे म्हणूनच चांगलं समजलं गेलं. एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून ते कवळ्या बनवायचे. समोर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, हाताशी मेण, स्पिरिटचा दिवा आणि घासायचं मशीन. शहरातली बरीचशी म्हातारी मंडळी त्यांच्या दातांनी हसत आणि रस्त्यात समोर आली की त्यांना ओळख दाखवत नसत. काकांना त्याचं काही वाटत नसे. उलट एखाद्या समारंभात कुणी कुणाला म्हणालं, ‘या वयातही दात काय छान ठेवलेत हो!’ की काका ताटात बघून एकटेच हसत. हा त्यांचा पुरस्कार. दुसरा कुठला मिळाला नाही.

निवृत्तीनंतर डॉक्टरांनी चालायला सांगितलं. कारणाशिवाय चालणं काकांच्या स्वभावात नव्हतं, म्हणून कारण शोधत ते शहराबाहेर किनाऱ्यावरच्या अभयारण्यात आले. तिथे खाडीच्या चिखलाकडे तोंड करून एक लाकडी खोली आहे. तिला आम्ही लपण म्हणतो. भिंतीला आडव्या फटी, फटींसमोर बाक, बाकांवर आमच्यासारखी चार-पाच रिकामटेकडी माणसं. काका आत आले, कुणाचीतरी दुर्बीण मागितली, बराच वेळ बगळा न्याहाळला आणि विचारलं, “हा चावतो कशाने?”

“चावत नाही काका. दात नसतात पक्ष्यांना,” अभयारण्याच्या अधिकारीबाई म्हणाल्या. बाई वयाने लहान, पण गणवेशामुळे त्यांना सगळेच ‘मॅडम’ म्हणत.

“एकालाही नाही?”

“एकालाही नाही.”

काका पुन्हा बगळ्याच्या चोचीकडे बघू लागले. आपल्या धंद्याची गरजच न पडलेली एवढी मोठी जमात जगात आहे, हे त्यांना कुणी आजवर सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते परत आले. तिसऱ्या दिवशी स्वतःची दुर्बीण घेऊन आले.

पुढचं सगळं घडलं ते सुरयांपायी. सुरय म्हणजे कुरवाचा, त्या सीगलचा, सडपातळ, तापट भाऊ. पांढरं अंग, डोक्यावर काळी टोपी, पिवळी चोच, आणि हवेत एका जागी थरथरत राहून पाण्यात दगडासारखा कोसळणारा. आमच्या खाडीच्या तोंडाशी खडे-वाळूची एक जीभ समुद्रात गेलेली आहे. तिच्यावर पूर्वी सुरय अंडी घालत. मग माणसं, कुत्री, पतंगवाले यांना कंटाळून ते येईनासे झाले. मॅडमनी जिभेला कुंपण घातलं, पण पक्ष्यांना कुंपणाची पाटी वाचता येत नाही. जिथे चार भाऊबंद बसलेले दिसतील तिथेच सुरय उतरतात. मग पहिले चार आणायचे कुठून? जगभर यावर एकच उपाय करतात: खोटे पक्षी मांडतात.

“खोटे?” काकांनी कान टवकारले. “कोण बनवतं?”

अशा रीतीने काकांची निवृत्ती संपली. हलक्या लाकडाचं अंग, कवळीच्या मसाल्याची चोच, चोचीच्या टोकाला काळा ठिपका. पक्ष्यांच्या पुस्तकांतले फोटो समोर ठेवून त्यांनी एकेक सुरय कोरला. कामात खोट काढायला जागा नव्हती. आम्ही ते हातात घेऊन पाहिले तेव्हा आमच्यातल्या एकाने, उडेल की काय म्हणून, नकळत पंख सांभाळून धरले.

पहिल्या वसंतात सुरय आले, जिभेवर घिरट्या घातल्या आणि निघून गेले. दुसऱ्या वसंतातही तसंच. तिसऱ्याच्या आधी अभयारण्याच्या समितीने सांगून टाकलं, की यंदाही कुणी उतरलं नाही तर लाकडी पक्षी खोक्यात, कुंपण बाजूला, आणि जिभेच्या टोकापर्यंत फिरायचा रस्ता. टोकाला बाकसुद्धा. समितीचे अध्यक्ष पूर्वी पूल बांधणारे इंजिनिअर होते. पाण्यात गेलेली आणि मोकळी सोडलेली जमीन त्यांना अर्धवट काम वाटे.

काकांना कुंपणाचं दुःख होतंच, पण खरा काटा वेगळा होता. “माझ्या कवळीला आजवर कुणी ओळखलं नाही,” ते म्हणत. “आणि हे इवलेसे पक्षी वरून बघतात आणि जातात! त्यांना नेमकं काय खटकतं? काय दिसतं तरी काय त्यांना?” हा प्रश्न ते लपणात प्रत्येकाला विचारत. एकाने रंग सांगितला, एकाने वास, एकाने नशीब.

काकांना गाडीने आणायच्या त्यांच्या थोरल्या बहीण. त्यांना सगळे ताईच म्हणत. ताईंनी उभी हयात एका फोटो स्टुडिओत घालवली होती. लोकांना स्टुलावर बसवायचं, हनुवटी सरळ करायची, खांदे खाली पाडायचे, आणि तरीही फोटो वाईट आला की गिऱ्हाइकाची समजूत काढायची. पक्ष्यांचं त्यांना काडीचंही कौतुक नव्हतं. भाऊ लपणात आणि त्या गाडीत, हीटर लावून शब्दकोडं सोडवत, असा दोन वर्षांचा रिवाज होता.

त्या दिवशी हीटर बंद पडला.

थंडी सरत आली होती, पण वाऱ्याला ते कुणी कळवलं नव्हतं. ताई शाल गुंडाळून लपणात शिरल्या आणि म्हणाल्या, “सरका जरा. बघू दे काय एवढं सोनं सांडलंय ते.”

काकांनी तिवईवरची मोठी दुर्बीण त्यांच्यापुढे केली. जिभेवर नुकतेच मांडलेले लाकडी सुरय उन्हात चमकत होते.

ताईंनी पाहिलं. “हे सगळे पासपोर्ट काढायला बसलेत का?”

“म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे? माना बघ की. एकूण एक ताठ. आता कोणीतरी ओरडणार अशा तयारीत. फोटोग्राफर समोर उभा राहिला की माणसाची अशी मान होते.”

“ताई, पुस्तकातल्या फोटोंवरून हुबेहूब केलेत ते!”

“मग तेच म्हणतेय मी. फोटो काढायला कुणीतरी जवळ गेलंच असेल ना? घाबरलेत ते. तू घाबरलेले पक्षी केलेस, बाबा.”

मॅडमनी दुर्बीण खाडीतल्या चिखलाकडे वळवली. तिथे तुतारी नावाच्या चिखलपक्ष्यांचा थवा निवांत बसला होता. कुणी पाठीत चोच खुपसून, कुणी एका पायावर. थोड्या वेळाने लांबून एक ससाणा गेला. सगळ्या माना एकदम वर झाल्या. मग थवा उडाला.

“दोन वर्षं,” मॅडम हळूच म्हणाल्या, “आपण जिभेवर पाटी लावून बसलोय, इथे धोका आहे म्हणून. आणि नमुना मीच पास केला होता.”

काकांचा चेहरा पडलेला असेल असं वाटून आम्ही तिकडे पाहिलं. काका खुशीत होते. “म्हणजे त्यांना पटलं होतं!” ते म्हणाले. “खोटे आहेत म्हणून गेले नाहीत ते. खरे वाटले म्हणूनच पळाले!”

“हो, हो, घे शाबासकी,” ताई म्हणाल्या. “आता माना काप.”

खरे सुरय यायला फार अवकाश नव्हता. लाकडी पक्षी जिभेवरून परत आणले आणि काकांच्या स्वयंपाकघरात टेबलावर वर्तमानपत्र अंथरून शस्त्रक्रिया सुरू झाल्या. काका मान कापायचे, खाली झुकवून पुन्हा जोडायचे. जोड भरायला कवळीच्या हिरड्यांचा मसाला होता, त्यामुळे रंग देईपर्यंत प्रत्येक सुरयाच्या गळ्याला गुलाबी पट्टा दिसे. ताई शेजारी उभं राहून सूचना करत. “याला डावीकडे बघू दे. हा झोपलाय असं कर. ह्याचा खांदा पाड. अरे, पाड म्हणजे पाड, मोडू नकोस!”

“ताई, ह्यांना खांदे नसतात.”

“सगळ्यांना असतात. काही जण दाखवत नाहीत.”

भांडण झालं ते विष्ठेवरून. मॅडमचं म्हणणं, जागा वापरातली वाटावी म्हणून खड्यांवर आणि चार-दोन पक्ष्यांवरही पांढरा रंग शिंपडावा. काका आडवे आले. “माझ्या कामावर मी घाण करणार नाही. कवळीवर कधी डाग ठेवून दिलाय मी?”

“तू नको करू,” ताई म्हणाल्या, आणि जुना ब्रश रंगात बुडवून अशा सफाईने झटकू लागल्या, की स्टुडिओत त्यांनी कुणाकुणावर राग धरला होता ते कळावं.

एक पक्षी मात्र काकांनी लपवून ठेवला होता. त्यांनी कोरलेला सगळ्यात पहिला. त्याच्या मानेला करवत लावायला हात धजेना. ताईंनी तो फडताळात पाहिला आणि मांडायच्या दिवशी स्वतःच पिशवीतून काढून जिभेच्या कडेला ठेवला. “असू दे,” म्हणाल्या, “प्रत्येक ग्रुप फोटोत असतो असा एक.” तेव्हापासून त्याचं नाव पासपोर्टवाला.

मग वाट पाहणं. खाडीवर सुरय दिसू लागले, हवेत थरथरले, पाण्यात कोसळले, मासे घेऊन कुठेतरी गेले. काका रोज यायचे आणि रोज काहीतरी नवं विचारायचे. मासा तोंडात धरून ओरडता कसं येतं? डोळे मिटून बुडी मारतात की उघडून? मॅडमना येत होतं ते त्या सांगत, बाकीचं ‘माहीत नाही’ म्हणत, आणि ‘माहीत नाही’ ऐकून काका जास्तच खूश होत. जिभेवर मात्र कुणी उतरलं नाही.

समितीने पाहणीसाठी ठरवलेला दिवस उजाडला. अध्यक्ष स्वच्छ बूट घालून लपणात आले, मोठ्या दुर्बिणीला डोळा लावला आणि ओरडले, “अहो, आलेत की! केवढे आलेत! तो बघा, निवांत झोपलाय. मॅडम, तुम्ही उगाच घाबरवलंत आम्हाला. राहू दे तुमचं कुंपण.”

मॅडम खाली मान घालून नकाशाची घडी सरळ करू लागल्या. एका वाक्यात सगळं मिटलं होतं. तोंड बंद ठेवलं की झालं. आणि तोंडांच्या बाबतीत गुपित राखणं हा तर काकांचा आयुष्यभराचा धंदा. काकांच्या चेहऱ्यावर ते जुनं, ताटात बघून हसायचं हसू येऊन गेलंसुद्धा.

मग ते खाकरले. “साहेब, ते माझे आहेत.”

“तुमचे म्हणजे?”

“लाकडाचे आहेत. मी केलेत.”

अध्यक्षांनी पुन्हा पाहिलं. पुन्हा पाहिलं. “तो झोपलेला?”

“माझा.”

“हा पाठ खाजवणारा?”

“तोही माझाच. ताईंनी बसवलाय.”

“म्हणजे एकही खरा नाही?” अध्यक्षांचा आवाज चढला. माणसाला फसल्याचं वाईट वाटत नाही, फसलेलं चारचौघांना कळल्याचं वाटतं. “मग दाखवाच तुम्ही मला, एकेक करून.”

काका दुर्बिणीपाशी बसले आणि डावीकडून सुरू झाले. “हा माझा. हा माझा. ही जोडी माझी. तो उताणा पडलाय तो वाऱ्याने पडलाय, माझाच. तो कडेचा ताठ मानेचा, तो पासपोर्टवाला, माझा. त्याच्या शेजारचा...” काका थांबले. डोळा काढून काच पुसली, पुन्हा लावला.

“काय झालं?” ताईंनी विचारलं.

“हा माझा नाही.”

“मग कुणाचा?” अध्यक्ष म्हणाले.

“कुणाचाच नाही,” काका म्हणाले. “मॅडम, जरा बघता का? मला आता नीट दिसत नाहीये.”

मॅडमनी पाहिलं. पासपोर्टवाल्याच्या शेजारी एक सुरय खड्यांवर पोट टेकून बसला होता. त्याने मान वळवली, पंखाखाली चोच घातली, बाहेर काढली. मग उठून उडाला, आणि आम्ही श्वास सोडायच्या आत छोटा मासा घेऊन परतला. तो त्याने पासपोर्टवाल्याच्या समोर धरला. पासपोर्टवाला ताठ. सुरय एक पाऊल पुढे गेला, मासा जरा वर धरला. मग त्याच्या पायाशी ठेवून बाजूला होऊन बसला.

“घे की रे,” काका पुटपुटले.

अध्यक्ष बराच वेळ दुर्बिणीवरून उठले नाहीत. उठले तेव्हा बाकाखालचा चिखल बुटांना लागला होता आणि त्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. “एक पक्षी म्हणजे वसाहत नव्हे,” ते म्हणाले. “पण एवढा हंगाम जाऊ द्या.”

हंगाम गेला. दुसरा सुरय आला, म्हणजे आली. तिने मासा घेतला. नंतर आणखी काही जोड्या उतरल्या. अंडी झाली, पिल्लं झाली, रस्ता कागदावरच राहिला. पहिलं घरटं पासपोर्टवाल्याच्या पायाशीच होतं, त्याच्या सावलीत, आणि यावरून बहीण-भावात आजही वाद चालू आहे. काका म्हणतात, बाकीच्यांच्या माना झुकवल्या त्या उगाचच. पक्ष्याने ताठ मानेचाच निवडला. ताई म्हणतात, बाकीचे निवांत होते म्हणून तो उतरला, आणि ताठ मानेचा निवडला तो पहाऱ्याला. मॅडम म्हणतात, माहीत नाही.

हंगाम संपल्यावर लाकडी सुरय खोक्यात भरायला काका स्वतः जिभेवर गेले. पासपोर्टवाल्याच्या डोक्यापासून शेपटीपर्यंत विष्ठेचे खरेखुरे ओघळ वाळले होते. ताईंनी ओला फडका पुढे केला.

“राहू दे,” काका म्हणाले आणि तो तसाच, न पुसता, वर्तमानपत्रात गुंडाळला.