शेवटचा रकाना

आमच्या घराण्यात सगळ्यात लवकर राग येतो तो मला. पण गेल्या महिन्यात हिवरखेडला, पार्वताबाईंच्या ओसरीवर, नुसत्या रागावर भागलं नाही. मी हादरले. अजूनही ते आठवलं की चहाचा कप हातात तसाच राहतो.

बापूसाहेब, म्हणजे माझा दादा, अकोल्यात चाळीस वर्षं वकिली करून घरी बसला. मी अमरावतीला मास्तरीण होते आणि त्याच्यावर तिथूनच ओरडायची. दादानं जन्मात झुरळ मारलं नाही, पण जुन्या रिव्हॉल्व्हरची त्याच्याएवढी माहिती असलेला माणूस वऱ्हाडात नसेल. हे खूळ कोर्टातच लागलं. गावोगावचे शेतकरी आजोबांच्या वेळच्या रिव्हॉल्व्हरचा परवाना पुढे चालू ठेवायला त्याच्याकडे यायचे. अर्जात नंबर चुकू नये म्हणून हा भिंग घेऊन बसायचा. तेव्हा त्याला दिसलं, की विलायतेतल्या एकाच कारखान्याची रिव्हॉल्व्हरंही सारखी नसतात. एकाच्या मुठीला कडी असते, एकाच्या नसते. नळीची लांबी बोटभर कमीजास्त असते.

मग वही आली. नंबर, नळी, मूठ, शिक्के, असे रकाने. शेवटच्या रकान्यावर लिहिलेलं, 'कारखान्यानंतर'.

"कारखान्यानं ठेवलेला फरक वेगळा आणि लोकांनी नंतर करून ठेवलेला वेगळा," तो मला सांगायचा. "सगळा अभ्यास एवढाच आहे, सिंधू. लोक काय उद्योग करतील, नेम नाही."

अशाच एका विलायती कारखान्याच्या एका रिव्हॉल्व्हरचे तीन प्रकार जगाला माहीत होते. दादा म्हणायचा, चौथाही आहे. नंबराखाली चांदणीचा बारीक शिक्का असलेला. सत्त्याण्णव साली हिवरखेडच्या चंद्रभान पाटलांच्या रिव्हॉल्व्हरवर त्यानं तो पाहिला होता आणि वहीत पेन्सिलनं काढला होता. फोटो मात्र नव्हता, म्हणून कोणी विश्वास ठेवत नव्हतं. यंदा विलायतेतल्या एका संशोधकानं कळवलं, की या रिव्हॉल्व्हरांवरचा माझा ग्रंथ छापायला जातोय, महिनाअखेर फोटो आला तर चौथा प्रकार तुमच्या नावानं घेतो, नाही तर गाळतो. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी दादानं चांगला कॅमेरा असलेला मोबाइल घेतला, फक्त त्या चांदणीसाठी.

आम्ही दोघं हिवरखेडला गेलो तेव्हा दसरा होऊन आठवडा झाला होता. चंद्रभान पाटील वारले होते, परवाना आता त्यांच्या मुलाच्या, अंकुरच्या नावावर. त्यानं कपाट उघडून रिव्हॉल्व्हर आणलं, रिकामं असल्याचं दाखवलं आणि फडक्यावर ठेवलं.

ते घासलेल्या तांब्यासारखं चमकत होतं.

दादानं भिंग लावलं. उजेडाकडे धरलं, फिरवलं, पुन्हा फिरवलं. नंबर खोल कोरलेला, तेवढा वाचला होता. त्याच्याखाली गुळगुळीत लोखंड. दादानं भिंग खाली ठेवलं.

"हे कोणी घासलं?" त्यानं विचारलं.

"म्या," अंकुरची आई पार्वताबाई म्हणाल्या. अभिमानानं म्हणाल्या. "दर दसऱ्याले, पूजेच्या आधी. विटेचा भुगा न् चिंच लावून. हे गेले त्या सालीबी चुकवलं नाई."

"पण काहून?" मी बसल्या जागेवरून ओरडले. इतक्या वर्षांनी माझ्याही तोंडातून 'का'च्या जागी वऱ्हाडी 'काहून' निघालं.

"वकीलसायबानंच तं सांगतलं होतं. हे अकोल्याहून आले न् म्हणे, सायेब म्हणते का याले जंग लागू देऊ नका, घासूनपुसून ठेवत जा. तेव्हापासून म्या दुसऱ्या कोनाले हात लावू देल्ला नाई."

मी दादाकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. पण तो म्हणाला, "फार निगुतीनं ठेवलंत, वहिनी." आणि त्यानं चहाही घेतला. मी कप तसाच खाली ठेवला.

गाडीत बसल्यावर मी तोंड सोडलं. म्हातारी आपलं पाप तुझ्या माथी मारतेय, तू असं सांगशील का, वगैरे. अकोटपर्यंत तो ऐकत होता. मग त्यानं पिशवीतून वही काढली, सत्त्याण्णव सालचं पान उघडलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

पेन्सिलीची चांदणी तिथं होती. पाच टोकांची, सुबक. समासात त्याच्याच शाईच्या अक्षरात एक ओळ होती: 'गंज आहे. दरवर्षी घासून स्वच्छ ठेवण्यास सांगितले.'

करायला गेलो गणपती अन् झाला मारुती, ही म्हण मी मुलांना शेकडो वेळा शिकवली. त्या दिवशी ती ओठावर आली आणि मी गिळून टाकली.

अकोल्याला पोचल्यावर दादानं कपडेही बदलले नाहीत. संशोधकाला दोन ओळी लिहिल्या, की माझी नोंद गाळावी. मग वही पुढे ओढली. चंद्रभान पाटलांच्या ओळीत शेवटचा रकाना सत्तावीस वर्षं कोराच होता. त्यानं पेनचं टोपण काढलं आणि 'कारखान्यानंतर' खाली सावकाश लिहिलं: 'चांदणी पुसली गेली.' त्यापुढे स्वतःचं पूर्ण नाव घातलं.