चार बादल्या माती

तिला आम्ही सगळे टोपलीवाली म्हणायचो. दर शनिवारी सकाळी ती एकेचाळीस टोपल्या भरायची आणि एकेचाळीस घरची माणसं येऊन त्या घेऊन जायची. टोपलीत काय असेल ते ती ठरवत नसे, शेत ठरवायचं. पीक आलं तर सगळ्यांचं, बुडालं तर सगळ्यांचं, असा आमचा साधा करार होता. शिवाय प्रत्येक घरातल्या एकाने महिन्यातून दोन सकाळी शेतावर येऊन राबायचं. राबायचं म्हणजे काय, तर अर्धे लोक तण म्हणून गाजरं उपटायचे आणि उरलेले अर्धे फोटो काढायचे. टोपलीवाली काही बोलत नसे. लोक गेले की ती उपटलेली गाजरं गोळा करून त्याच आठवड्याच्या टोपलीत टाकायची.

मी त्या एकेचाळीस घरांपैकी सगळ्यात जुनी. चाळीस वर्षं शिवणकाम केलं, त्यामुळे दुसऱ्याची वाकडी शिवण मला दहा पावलांवरून दिसते आणि ती बोलून दाखवल्याशिवाय राहवत नाही. शेतावरची सावलीची जाळी मी शिवलेली, टोपल्यांची अस्तरंही मीच शिवलेली. टोपलीवाली मला मावशी म्हणायची. तिचे वडील मला शिवणबाई म्हणायचे. या अप्पांनी तीस वर्षं बसवर कंडक्टरकी केली होती. आता त्यांना सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नसे, पण हात कामाला पक्के होते. काचेच्या खोलीत रोपांना पाणी घालायचं काम त्यांच्याकडे होतं. हातात झारी, अंगात बसचा जुना खाकी कोट, आणि प्रत्येक ट्रेला पाणी घालून झालं की हळूच म्हणायचे, "चला, पुढे सरका."

दोघं शेताच्या कडेलाच राहायची, अवजारांच्या कोठारावरच्या खोलीत. जमीन तिची नव्हती. गेल्या उन्हाळ्यात गारा पडल्या आणि पुढचे दोन महिने टोपल्या अर्ध्याच भरल्या. तेव्हा जमिनीच्या मालकाने तिला सरळ सांगितलं होतं, की पुढच्या वसंतात तीस घरं टिकली तर जमीन तुझ्याकडे राहील, एकोणतीस असली तरी शेजारच्या गोदामवाल्याला देईन. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त बोलल्या शब्दाला चिकटून राहायची खोड होती. ती तीस घरं म्हणजे टोपलीवालीचं शेत, आणि शेत गेलं की डोक्यावरचं छप्परही गेलं, हे आम्हा प्रत्येकाला माहीत होतं.

आता बादल्यांचं सांगते. थंडी सरली की दरवर्षी आमचा मातीचा दिवस असायचा. प्रत्येक घरानं वर्षभर घरी कुजवलेल्या खताची एक बादली आणायची. बादलीवर नाव घालायचं. सगळ्या बादल्यांमधली माती एकत्र चाळून त्यात टोपलीवाली रोपं करायची. एका ट्रेमध्ये एकेचाळीस घरांची माती, ही कल्पना तिचीच. मला ती जरा भाबडी वाटायची, पण आवडायची.

मात्र माती एकत्र करण्याआधी ती एक परीक्षा घ्यायची. प्रत्येक बादलीतली मूठभर माती वेगळ्या कुंडीत घालून तीन-तीन घेवड्याच्या बिया पेरायची आणि अठरा दिवस वाट बघायची. खतात काही नको ते आलं असेल तर घेवडा लगेच चुगली करतो, पानं वाकडी निघतात. इतक्या वर्षांत एकही कुंडी नापास झाली नव्हती.

या वर्षी थंडी हटेना. मातीचा दिवसच दोन आठवडे पुढे गेला. बाकीच्यांनी एकेक बादली आणली, मी चार आणल्या. लाल तैलरंगाने ठसठशीत नाव घातलेल्या, शेजाऱ्याच्या ढकलगाडीवरून मिरवत आणल्या. आमच्या इमारतीच्या हिरवळीचं कापलेलं गवत मी शरद ऋतूत पिंपात भरून ठेवलं होतं, त्याचं हे खत. काळंभोर, भुसभुशीत. टोपलीवालीने ते हातात घेऊन हुंगलं आणि म्हणाली, "मावशी, सोनं आहे."

मग ती घेवड्याच्या कुंड्या मांडायला लागली. मी म्हटलं, "अगं, अठरा दिवस कुठे आहेत आता तुझ्याकडे? आणि माझ्या मातीची परीक्षा घेणार तू? तुला झारी धरता येत नव्हती तेव्हापासून मी इथे येते आहे."

ती हसली. "तसं नाही मावशी, पद्धत आहे."

"पद्धत नव्या माणसांसाठी असते."

लोक बघत होते. तिने क्षणभर विचार केला आणि कुंड्या परत फळीवर ठेवल्या. माझा मान राखला तिने. मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं, तेही लिहून ठेवते.

टोमॅटो, मिरची, वांगी, काकडी. साडेतीन हजार रोपं उगवली. काचेच्या खोलीचं दार उघडलं की ओल्या उबेचा वास यायचा आणि अप्पा आतून म्हणायचे, "चला, पुढे सरका." तिसऱ्या आठवड्यात टोमॅटोची नवी पानं मुडपायला लागली. आधी कडा वर वळल्या, मग पानं पिळवटून दोऱ्यासारखी बारीक झाली. मिरचीची वाटीसारखी आखडली. टोपलीवालीने पाणी कमी केलं, मग वाढवलं. शेगडी लावली, मग काढली. ट्रे उन्हात नेले, सावलीत आणले. पाचव्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा ती दोन ट्रेंच्या मध्ये जमिनीवर बसली होती. गुडघ्यांवर एक ट्रे. त्यातलं एकेक रोप बोटाने वर करून बघत होती आणि परत सोडत होती.

"सगळी गेली, मावशी," ती म्हणाली. "एकूण एक."

"परत पेर."

"परत पेरलं तर टोपलीत टोमॅटो यायला पाऊणएक उन्हाळा जाईल. गेल्या वर्षी गारा, या वर्षी हे. कोण थांबेल?"

अप्पा झारी घेऊन दारात उभे होते. ती एकदम उठली आणि त्यांच्यावर ओरडली. "किती वेळा पाणी घातलंत? दिवसातून किती वेळा? आठवतं तरी का तुम्हाला?" मी तिला वडिलांवर ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. अप्पांनी झारी खाली ठेवली. बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, "माझ्याच हातून झालं असेल."

त्या घटकेला मला पाटी आठवली. शरद ऋतूत आमच्या इमारतीच्या फाटकावर आठवडाभर लावलेली पाटी. हिरवळीवर तणनाशक फवारलं आहे, मुलांना खेळायला सोडू नये. मी ती वाचली होती. वाचून, आठवडा संपल्यावर, गवत उचललं होतं. फवारणीला इतके दिवस झाले, पाऊसही येऊन गेला, आता काय उरलं असेल त्यात, असं मी मनाशी म्हटलं होतं. आणि कापलेलं गवत फुकट जातंय हे बघवत नव्हतं.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मी काय केलं, तर अप्पांना चहा करून दिला.

घरी येऊन पिंपाच्या तळाशी उरलेलं खत मी रात्र व्हायच्या आत खाली नेऊन कचऱ्यात टाकलं. पिंप घासलं. चाळीस वर्षांत मी कुणाचं कापड चुकीचं कापलं तर रडत का होईना, पण सांगत होते. या वेळी जीभच उचलेना. चार बादल्या मिरवत आणल्या होत्या ना.

पुढचे तीन आठवडे शेतावर मी रोज जात होते, नको तितकी मदत करत होते. टोपलीवालीने नवं बी पेरलं, शुद्ध वाळूत. ती जेवायचं विसरायची, मी डबा नेऊन तिच्यासमोर उघडून बसायचे. तिचे गाल बसले. एकदा ती वाफा खणता खणता थांबली, फावड्याच्या दांड्यावर डोकं टेकून उभी राहिली, आणि मी दोन वाफे सोडून मुळे उपटत तिच्याकडे बघत राहिले. अप्पांकडून झारी काढून घेतली होती. ते काचेच्या खोलीबाहेर बाकावर कोट घालून बसायचे आणि आल्यागेल्याला सांगायचे, "माझ्याकडून पाणी जास्त झालं."

एक दिवस काचेच्या खोलीत शिरले तर मागच्या फळीवर सगळ्या बादल्या ओळीने मांडलेल्या. एकेचाळीस घरांच्या, नावं भिंतीकडे फिरवून. प्रत्येकीच्या तळाला चिकटलेली माती खरवडून त्यातच तिने घेवडा पेरला होता. नुकते कोंब वर आले होते, कळण्यासारखं काही नव्हतं. मी लाल रंगाचा ठिपका शोधत होते तेवढ्यात टोपलीवाली आत आली. मी म्हटलं, "जाळी फाटली आहे का बघत होते." ती म्हणाली, "बरं केलंत."

वसंताच्या पहिल्या टोपलीच्या दिवशी सभा ठेवली होती. टोपलीत मुळे, कांद्याची पात आणि कोबीची चार पानं. लोकांनी टोपल्या घेतल्या, त्यांच्या वजनावरून अंदाज घेतला आणि कोठारात खोक्यांवर बसले. टोपलीवाली उभी राहिली. तिने धुतलेला सदरा घातला होता. तिने काही लपवलं नाही. खतात तणनाशक आलं होतं, ते मातीत मिसळलं, रोपं गेली.

दातांचे डॉक्टर आमच्यात सगळ्यात शहाणे समजले जातात. ते म्हणाले, "अप्पांबद्दल आम्ही ऐकलं, ते—"

"अप्पांचा संबंध नाही," ती म्हणाली. "चूक माझी. दरवर्षी मी परीक्षा घेते, या वर्षी घेतली नाही."

"पण खत कुणाचं होतं? कुठून आलं?" डॉक्टर रागाने विचारत नव्हते. "हे बघ, ते कळलं तर पुन्हा होणार नाही अशी खात्री तरी वाटेल. उद्या हेच परत मिसळलं गेलं तर? आम्ही कशाच्या भरवशावर थांबायचं?"

तिने सगळ्यांवरून नजर फिरवली. माझ्यावरही ती आली, आणि इतरांवर थांबली तेवढीच थांबली. मग ती म्हणाली, "ते मी सांगणार नाही."

मी माझ्या टोपलीचं अस्तर नीट करत बसले. मीच शिवलेलं अस्तर, त्यात नीट करण्यासारखं काही नव्हतं. उठून दोन वाक्यं बोलायची होती. शरीर उठलंच नाही. मग पुढेही टोपलीत राहणाऱ्या घरांनी हात वर करायचे होते. मी सगळ्यात आधी केला. सव्वीस झाले. तिने दोनदा मोजले, आणि दुसऱ्यांदा मोजताना तिचे ओठ हलत होते.

महिन्याभराने ती गेली. दुसऱ्या कुणाच्या तरी फुलांच्या मळ्यावर कामाला, अप्पांना घेऊन. सामान फार नव्हतं, एका छोट्या टेम्पोत सगळं मावलं. मी निरोप द्यायला गेले. सकाळ लख्ख होती, बांधावरची झाडं पांढऱ्या फुलांनी भरली होती. मला त्यांचा राग आला.

टोपलीवाली काचेच्या खोलीतून माझ्या चारही बादल्या घेऊन आली. एकात एक घातलेल्या, आतूनबाहेरून धुतलेल्या. "मावशी, तुमच्या," ती म्हणाली. "इमारतीच्या हिरवळीचं गवत पुन्हा नका घेऊ."

बादल्या हातात घ्यायचंही सुचेना. मी विचारलं, "कधी कळलं?"

"सभेच्या तीन दिवस आधी. चारही बादल्यांत पानं वाकडी आली."

"मग सभेत बोलली का नाहीस?"

तिने बादल्या माझ्या पायाशी ठेवल्या. "मला वाटलं, तुम्ही बोलाल," ती म्हणाली, आणि कोठाराला कुलूप लावायला गेली.

अप्पा टेम्पोत पुढच्या सीटवर बसले होते, खाकी कोटाची सगळी बटणं लावून. मला बघून त्यांनी काच खाली केली. "शिवणबाई," ते म्हणाले, "माझ्याकडून पाणी जास्त झालं. त्यानं गेली रोपं. पोरीचं शेत गेलं माझ्यामुळे."

मी खिडकीची कड धरली. "नाही अप्पा. माझ्यामुळे गेलं. खत माझं होतं. तणनाशकाचं गवत होतं त्यात, मला माहीत होतं, आणि मी कुणालाच सांगितलं नाही. तुमच्या पाण्याने काही झालेलं नाही."

त्यांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. माझ्या हातावर हात ठेवला. "असं होय," ते म्हणाले. "बरं झालं सांगितलंत." त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला की मला रडू फुटलं.

टोपलीवाली परत आली, गाडीत बसली. तिने किल्ली फिरवली. अप्पांनी समोर बघितलं, मग बाहेर, काचेच्या रिकाम्या खोलीकडे बराच वेळ. मग माझ्याकडे वळून, नुकतीच भेटल्यासारखं हसून म्हणाले, "शिवणबाई, माझ्याकडून पाणी जास्त झालं हो."