हिरव्या बाजूनं ये

पिंगळीच्या शाळेत तिसरीचा वर्ग पाढे म्हणत होता आणि दारात स्टेशनवरचा पोर्टर येऊन उभा राहिला. टोपी हातात धरलेली. "बाई, पूर्णेहून फोन आलाय. गार्डसाहेबाचं..." एवढंच म्हणाला. मी खडू खाली ठेवला. पहिला विचार आला तो डोळ्यांचाच. पुन्हा रक्त उतरलं वाटतं, पुन्हा मद्रास गाठावं लागणार. किसनदादा, माझा थोरला भाऊ, हे जगच सोडून जाऊ शकतो हे डोक्यात शिरेना. इतकी वर्षं आम्ही सगळ्यांनी त्याच्या डोळ्यांवर पहारा ठेवला, आणि तो छातीच्या एका कळेसरशी निघून गेला. त्याला आता काही आठवडे झाले, तरी मला अजून राग येतो. कुणाचा, ते सांगता येत नाही.

आई-बाबा गेल्यावर दादानेच मला शिकवलं, नोकरीला लावलं. तो मालगाडीवर गार्ड, राहायला पूर्णेला. मी दर रविवारी पॅसेंजरने त्याच्याकडे जायची. ड्यूटी नसली की तो प्लॅटफॉर्मवरच्या कडुलिंबाखालच्या बाकावर येऊन बसायचा. आमचा एक खेळ होता. उतरलेल्या गर्दीतून त्याने मला आधी ओळखायचं आणि तोवर मी तोंड उघडायचं नाही. मी मुद्दाम बायकांच्या घोळक्यात दडून चालायची. "शांते, पदर बदलला म्हनून चाल बदलती का गं?" असं तो लांबूनच म्हणायचा. एका रविवारी मी त्याच्या अगदी पुढ्यात जाऊन उभी राहिले, आणि तो माझ्या पलीकडे बघतच राहिला.

साखर होतीच. आता ती डोळ्यात उतरली होती. "जळमट आल्यावानी दिसायलंय," तो म्हणाला. रेल्वेच्या डॉक्टरांनी त्याला गाडीवरून उतरवलं, पार्सल ऑफिसात बसवलं आणि हैदराबादला पाठवलं. मी सोबत गेले. तिथले डॉक्टर समजावून सांगत होते, की डोळ्याच्या पडद्यावर नको तिथे नाजूक रक्तवाहिन्या उगवतात, फुटतात, नजर बुडते. कडेचा पडदा प्रकाशाने भाजला, तर मधला वाचण्याची आशा असते. डोळ्यामागे भुलीची सुई देऊन डाव्या डोळ्यात प्रकाशाचा पांढरा झोत सोडला. दादा बाहेर आला तो भिंतीला धरून. "सूर्य घुसला गं आत," म्हणाला, आणि गाडी निजामाबाद सोडेपर्यंत डोळ्यावर रुमाल धरून बसला.

गावाकडे मात्र वेगळीच हवा झाली. किसनाच्या डोळ्यात लाइट टाकली, अशी बातमी सोनपेठच्या आत्याच्या कानावर गेली. तिच्याकडे गेलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आत्या म्हणाली, "किसना, तुह्या डोळ्यात लाइट हाय म्हनं. मंग कंदील कशाला? वासरू सुटलंय, जरा बघून दे बाबा." खरं म्हणजे त्या उपचारानंतर त्याला अंधुक उजेडात आधीपेक्षाही कमी दिसत होतं. पण आत्याचं मन मोडायचं कसं? गेला आणि गव्हाणीवर आपटून आला. "आत्या, लाइट हाय, पर तार तुटलीय," म्हणत गुडघा चोळत हसत बसला. मला हसू आलं नाही. त्या रात्री मी खूप रडले.

पुढे उजवा डोळाही कुरकुरू लागला. तोवर मद्रासला लेसरचं नवं यंत्र आलं होतं. हनुवटी टेकवायची, डोळ्यावर भिंग बसवायचं आणि निळसर हिरव्या किरणाचे बारीक बारीक ठिपके. "रांगोळी काढल्यावानी," तो म्हणाला. या वेळी भिंत धरावी लागली नाही. "निळा आपला झेंडा, हिरवा गाडीचा. दोघं मिळून काढतेत बघ मला बाहेर." त्याने तिथल्या डॉक्टरांना सरळ विचारलं, "साहेब, पांढरी चांगली का हिरवी?" डॉक्टर प्रामाणिक होते. म्हणाले, दोन्ही नजर वाचवतात, जुना झोत कडेचं जास्त खातो असं दिसतंय, पण आम्हीही अजून पाहतोच आहोत. दादा बाहेर येऊन म्हणाला, "त्यांना बघाय वेळ लागंल. माह्याजवळ दोन्ही डोळे हायेत, मीच सांगतो."

आणि त्याने सांगितलंही. एक डोळा झाकायचा, मग दुसरा, असं लिंबाखाली बसून त्याचं चालायचं. "पांढरीनं घर राखलं शांते, पर अंगन गेलं. समोरचं दिसतंय, बाजूचं कायबी न्हाई. हिरवीनं घरबी राखलं आन् निम्मं अंगनबी." तेव्हापासून त्याच्या अंगाला दोन बाजू झाल्या, डावी पांढरी आणि उजवी हिरवी. वहिनी चहाचा कप हिरव्या बाजूला ठेवायच्या. माझा बायकांचा डबा थांबायचा तो नेमका बाकाच्या डावीकडे, म्हणजे त्याच्या हरवलेल्या अंगणात. मी तशीच समोर गेले की तो दचकायचा. मग एकदा हळूच म्हणाला, "हिरव्या बाजूनं येत जा गं. लांबून येताना दिसली पायजेस." तेव्हापासून मी बाकाच्या मागून, लिंबाला वळसा घालून जाऊ लागले. खेळ पुन्हा सुरू झाला. शेवटच्या रविवारीसुद्धा त्यानेच आधी ओळखलं. "चप्पल नवी दिसती," म्हणाला. चप्पल दिसली त्याला... इतका तो डोळा शाबूत होता. ज्याची भीती होती ते वाचलं आणि ज्याचा विचारही केला नव्हता ते गेलं. डोळे आहेत ना, मग दादा आहेच, असं मी धरून चालले होते.

वहिनी एकट्या असतात, म्हणून मी अजून रविवारी जाते. परवा उतरले. बाकावर कुणीतरी शेंगांची टरफलं टाकून गेलं होतं. फाटकाकडे जायला समोरून सरळ वाट होती. तरी पाय मागून वळले, लिंबाला वळसा घालून उजवीकडून आले. मी टरफलं झाडली, बाकाजवळ उभी राहिले, आणि आधी बोलले नाही.