चाखणारी जागृती

खालापूरजवळ आबाजींनी स्वतःच्या जमिनीवर पत्र्याची शेड टाकली आणि दुधीचा रस काढून विकायला सुरुवात केली, तेव्हापासून जागृती तिथे आहे. मी बाटल्या धुते, ती चाखते. "तुझं बरं हाय गं, जिभेचं खातेस," असं मी तिला चिडवायची आणि तीही हसायची.

काम मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. दुधी दिसायला गरीब, पण एखादा कडू निघतो. त्याचा रस पोटात गेला तर रक्ताच्या उलट्या होतात, माणूस दगावतोसुद्धा. बाहेरून काही कळत नाही. म्हणून आमच्याकडे एका वेलाचे दुधी एका क्रेटमध्ये येतात. त्यातल्या एकाची देठाकडची चकती कापायची, जिभेला लावायची आणि थुंकायची. कडू लागली तर अख्खी क्रेट खड्ड्यात. जागृती 'चालेल' म्हणाली की पुढे कुणी विचारत नसे. स्वतः आबाजीही नाहीत.

गेल्या महिन्यात तिला ताप आला. भिसेगावात ती आणि तिचे बाबा धर्माजी, दोघंच राहतात. ताप उतरल्यावर तिने आमटी केली, तर बाबा म्हणाले, "आज मीठ जरा जास्त पडलं काय गं?" तिने पुन्हा चाखून पाहिली. काहीच लागेना. मीठ नाही, चिंच नाही, मिरची तोंडात धरली तर नुसती आग. हे तिने मला नंतर सांगितलं. तेव्हा मात्र कुणाला म्हणजे कुणाला पत्ता लागू दिला नाही बयेने. रोज कामावर यायची, चकती जिभेला लावायची आणि जुन्या ओळखीच्या वाड्यांचा माल बघून 'चालेल' म्हणायची. रोज संध्याकाळपर्यंत जीव मुठीत.

बोलली नाही, कारण मशीन येणार होतं; चव गेली म्हटलं असतं तर तिचं कामच गेलं असतं. आबाजींना नव्याची हौस फार. त्यांनी इलेक्ट्रॉनिक जीभ मागवली. जीभ म्हणायचं म्हणून म्हणायचं. दिसायला नुसती बारीक कांड्यांची जुडी. ती रसात बुडवली की प्रत्येक कांडी रसातलं काहीतरी वेगळं ओळखते आणि पडद्यावर एक ठिपका उमटतो. एकसारख्या चवीचे ठिपके जवळजवळ, वेगळ्या चवीचा लांब. पण कुठला ठिपका चांगला आणि कुठला कडू, हे त्या दीडशहाण्याला आधी माणसाने शिकवावं लागतं. ते शिकवायला शेलूचा नीलेश आला होता. त्याला एक भरवशाची जीभ हवी होती. आबाजींनी अर्थातच जागृतीला पुढे केलं.

त्या सकाळी टेबलावर कपांची रांग मांडली होती. नीलेश कांड्या बुडवायचा, जागृती थेंबभर जिभेला लावून थुंकायची आणि म्हणायची, "चालेल." मी बाटल्यांच्या टाकीपाशी उभी. तिच्या कपाळावर घाम बघून मला वाटलं, पंखा बंद आहे म्हणून असेल.

एका कपाला नीलेश अडला. "ताई, हा ठिपका बघा कुठल्या कुठे गेलाय. तुम्ही तर चालेल म्हणालात."

जागृतीने आणखी एक थेंब जिभेला लावला.

"जाऊ दे," तोच म्हणाला. "मशीनच चुकलं असणार. तुम्ही म्हणताय तर यालाही 'चालेल' लावतो. पुढे असा रस आला की तेही मुकाट पास करेल."

"कुठल्या क्रेटचा हाय तो?" तिने विचारलं.

"कालच्या. ती नवी वाडी आहे ना, तिथल्या."

जागृतीने टेबलाची कड धरली. कालच्या त्या क्रेटलाही तीच 'चालेल' म्हणाली होती. रसाच्या बाटल्या अजून शीतघरात होत्या, मशीनच्या तपासणीसाठी थांबलेल्या. पण आमच्याकडे उरलेला रस कामाच्या बाया घरी नेतात, आणि काल एकच बाटली गेली होती. तिच्या बाबांसाठी. बाबा तो सकाळी उपाशीपोटी घेतात, ती कामावर निघाल्यानंतर.

"लावू नको!" ती एवढ्याने ओरडली की माझ्या हातातली बाटली टाकीत पडली. "मशीन बरोबर हाय. मला चव कळत नाय. तापापास्नं कायच कळत नाय मला."

आबाजी पुढे आले. त्यांनी त्या कपात बोट बुडवून जिभेला लावलं आणि तिथेच थुंकले. त्यांचा चेहरा बघून मी समजले. मला तिची भीती वाटली, तिची काळजीही वाटली आणि त्या क्षणी तिच्या थोबाडीत मारावीशीही वाटली. बाटली कुणाकडे गेली ते आबाजींना ठाऊक होतं; ते गाडीची किल्ली घेऊन बाहेर धावले.

तिच्या बाबांना फोन मीच लावून दिला. स्पीकर चालू केला. किती तरी वेळ रिंग वाजत राहिली. बाहेर आबाजी गाडी वळवत होते.

"जय भीम," पलीकडून आवाज आला, अगदी खोल गेलेला.

"बाबा, बरं हाय ना? रस घेतलात?"

"उलट्या थांबत नायत गं पोरी."

"बाबा, रस प्यालात का तुमी?"

"प्यालो ना. लय कडू लागला. पैल्या घोटालाच थुकणार व्हतो," ते म्हणाले आणि मधेच धापा टाकत थांबले. "मंग म्हटलं, आपल्या जागृतीनं चाखलेला हाय, त्यो कडू कसा आसंल? माजीच जीभ बिगडली आसंल म्हातारपनी. संपवला सगळा."